कुत्रं सूड उगवत नाही
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीत माणसं वाढली, तशी कुत्रीही आली. मागोमाग तक्रारी आल्या. चप्पल फाडली, सोफा कुरतडला, दार ओरबाडलं. "आम्ही बाहेर गेलो म्हणून यानं मुद्दाम केलं," असं घरोघरी म्हणतात. कुत्र्याच्या मनात असा सूड नसतो. खरं कारण नुकसान नीट बघितलं तर कळतं.

पिल्लू चार ते सात महिन्यांचं असेल, तर त्याचे दात बदलत असतात, हिरड्या शिवशिवतात. चावायला टणक रबरी खेळणं द्या. जुनी चप्पल देऊ नका, जुनी-नवी त्याला कळत नाही. शिजवलेलं हाडही नको, त्याच्या कपच्या आतड्यात टोचतात.

मोठं कुत्रं दिसेल ते फाडत असेल, तर बहुधा त्याला हालचाल कमी पडते. लातूर जिल्ह्यातल्या जानवळची कारवानी कुत्री आपल्याला माहीत आहेत. सशामागे धावणारी ही जात दोन खोल्यांत दिवसभर गप्प कशी बसेल? कामावर जाण्याआधी, ऊन चढायच्या आत, अर्धा तास तरी फिरवा.

नुकसान दाराजवळच, तेही तुम्ही गेल्या गेल्या होत असेल, सोबत रडणं-भुंकणं असेल, तर ती एकटं राहण्याची भीती. आधी दोन मिनिटं बाहेर जाऊन या, मग पाच, मग दहा. घाबरलं तर वेळ पुन्हा कमी करा. तरीही जमलं नाही तर पशुवैद्यकांना दाखवा.

संध्याकाळी येऊन मारू नका. सकाळच्या चपलेचा त्या माराशी संबंध त्याला लागत नाही. २००९ साली अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी प्रयोगातून दाखवलं, की मालक रागावले की काहीच न केलेलं कुत्रंही 'अपराधी' तोंड करतं. ती कबुली नसते, तुमच्या रागाची धास्ती असते.

वैतागून कुत्रं घाटात सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. आणि तिथं ते जगेल, याची खात्री कोण देणार?

शेजाऱ्यांनो, मालक बाहेर असताना काय घडतं, हे फक्त तुम्हालाच ऐकू येतं. तक्रार जरूर करा, पण भुंकणं किती वाजता सुरू झालं, किती वेळ चाललं, तेही सांगा. उपाय तिथूनच सापडतो.