टोमॅटोच्या मुळांवरील गाठी

कोकणातल्या खेड तालुक्यात भातकापणीनंतर पाण्याची सोय असेल तिथे टोमॅटो, वांगी, भेंडी घेतली जाते. या पिकांच्या मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी डोळ्यांना दिसत नाहीत. दिसते ते पिवळे, खुरटलेले, भर दुपारी मान टाकणारे झाड. उपटले की गाठी दिसतात. वाल-कुळथाच्या मुळांवरच्या गाठी वेगळ्या. त्या उपयोगी जिवाणूंच्या असतात आणि बोटाने सहज सुटतात.

या सूत्रकृमींविरुद्ध टोमॅटोला प्रतिकारशक्ती मिळाली ती दक्षिण अमेरिकेतील एका रानटी भाऊबंदाकडून. संकर सहजासहजी जुळत नव्हता. 1944च्या सुमारास अमेरिकेत संकरित बियांतला कोवळा गर्भ काढून काचपात्रात वाढवला गेला आणि त्यातून ‘एमआय’ हे जनुक लागवडीच्या टोमॅटोत आले. हे जनुक असलेल्या झाडाच्या मुळात कृमीने तोंड खुपसले की तिथल्या पेशी मरतात. कृमीची उपासमार होते. युरोपात साखरबीटलाही अशी ताकद रानबीटाकडूनच मिळाली. हरियाणातील ‘हिसार ललित’ हा प्रतिकारक टोमॅटो वाण आहे.

मात्र जमिनीचे तापमान 28 अंश सेल्सिअसच्या वर गेले की ‘एमआय’ ढिले पडते. कोकणातल्या उन्हाळी टोमॅटोला त्यामुळे नुसत्या वाणावर विसंबता येत नाही. रोपे घेताना एक-दोन उपटून मुळे पाहावीत. गाठी असतील तर ती रोपे शेतात लावू नयेत.