लग्नाचा आकडा कोणी ठरवायचा?

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील जिरायतदार शेतकऱ्यांच्या बैठकीत झालेले भाषण)



आज निम्मी बैठक उशिरा भरली. विचारले तर कळले, तिथी दाट आहे, मंडळी दोन-दोन लग्ने गाठून आली. मागे बसलेल्या काहींच्या डोक्यावर फेटे अजून तसेच आहेत. तेव्हा कार्यक्रमपत्रिकेवरचा शेतीमालाच्या भावाचा विषय थोडा मागे ठेवतो आणि आधी लग्नाचे बोलतो. विषय तसा भावाचाच आहे.

लग्नावरून शेतकऱ्याला शहाणपण शिकवणारे खूप आहेत. बँकेतला साहेब शिकवतो, शहरातला पाहुणा शिकवतो. म्हणणे एकच, हे लोक लग्नात पैसा उधळतात आणि मग कर्जमाफी मागतात. हा आरोप दीडशे वर्षांचा जुना आहे, आणि त्याची चौकशीही आपल्याच मातीवर होऊन गेली आहे.

१२ मे १८७५ या दिवशी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने गाठली आणि कर्जाचे रोखे काढून जाळले. पाहता पाहता ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. इंदापूरही त्यातून सुटले नाही. कारण काय होते? इंग्रजांनी या मुलखात नव्या पद्धतीच्या जमीनमोजणीला १८३५ साली सुरुवात केली ती इंदापुरापासून. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ साली फेरआकारणी आली ती वाढीव आली. मधल्या काळात, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस बंद झाला म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकाराने मोकळ्या हाताने कर्ज दिले. युद्ध संपले, भाव कोसळला, सारा मात्र वाढला, आणि सावकाराने हात आखडला. आज नगर जिल्ह्यातून, शेवगाव-पाथर्डीकडून कापसाची मंडळी आली आहेत. त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

दंग्यानंतर सरकारने आयोग नेमला. १८७६ साली त्याने अहवाल दिला. आयोग काही शेतकऱ्यांचा सोयरा नव्हता. तरी त्याने लिहिले की लग्नकार्याच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून उगाच मोठे केले जाते. ऐपतीच्या मानाने खर्च जास्त असेल, पण तो कधीमधी येतो, आणि कर्जाचे मूळ सहसा तिथे सापडत नाही. १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला तोही या चौकशीच्या पाठोपाठ. तेव्हा आता कोणी लग्नावरून टोमणा मारला तर त्याला सुप्याचे नाव सांगा.

पण भावांनो, बाहेरच्याला हे उत्तर देणे वेगळे आणि आपल्या घरात बसून हिशेब करणे वेगळे. कर्जाचे मूळ लग्नात नसले तरी जमीन हातची जाते ती पुष्कळदा लग्नाच्या वर्षी. वर्षानुवर्षे भावाने पोखरलेल्या झाडावर शेवटचा घाव मांडवात पडतो.

आमच्या घरचे सांगतो. आम्ही कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा थोरल्या बहिणीचे लग्न निघाले. वडिलांनी ओढ्याकाठचे दोन एकर विकले. मळ्यात सर्वांत खोल काळी माती तिथे होती, बाकी सगळी मुरमाड. पुढे आम्ही मातीची परीक्षा करायला शिकलो, तेव्हा कळले की नेमके काय विकले. वडील दारू पीत नव्हते, पत्ते खेळत नव्हते. गावाने मात्र दोन्ही बाजूंनी बोलून घेतले. लग्नाआधी म्हणाले, एकुलती एक पोरगी, हात आखडू नको. लग्नानंतर म्हणाले, झेपत नव्हते तर केले कशाला. वडील पुढे शेतावर जाताना ओढ्याची वाट सोडून वरच्या बांधाने जायचे. बहीण आजही म्हणते, मला एकदा विचारले असते तर मी नको म्हणाले असते. पण तिला विचारायचे कोणाच्या मनातही आले नाही.

आपल्या तालुक्यांत आणखी एक गोम आहे. नीरा डाव्या कालव्याखाली ऊस आहे. मोरगाव, सुपे, लोणी भापकर या पट्ट्यात ज्वारी आहे, इंदापूरची बावीस गावे पाण्याची वाट पाहत आहेत. पाणी दोन तऱ्हेचे, पण सोयरीक एकच. उसाच्या बिलावर ज्याने कार्यालय घेतले, त्याच्या पंगतीला आपण जेवतो, आणि घरी येऊन ज्वारीच्या पैशात तेच कार्यालय मांडू पाहतो. लग्नाचा आकडा कालवा ठरवतो आणि तो फेडायचा पावसावर!

म्हणून आमचे म्हणणे आहे, लग्न रुपयांत मोजू नका, क्विंटलांत मोजा. २०२५-२६ च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव ३,७४९ रुपये जाहीर झाला, लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० रुपये. तो पदरात पडतो की नाही हा पुन्हा वेगळा विषय, पण पडला असे धरू. समजा, लग्न सहा लाखांचे आहे. सहा लाख म्हणजे १६० क्विंटल ज्वारी. जिरायतीत एकरी पाच क्विंटल उतरली तर आपण देवाला नारळ फोडतो. म्हणजे ३२ एकरांची सगळी रास, घरात खायला एक पायली न ठेवता आणि बी-मजुरीचा एक रुपया न धरता. कापूस म्हटला तर ७४ क्विंटल. एकरी चार धरा, साडेअठरा एकर. आता हात वर करा, साडेअठरा एकर कोणाकडे आहे? सोन्याचे तर बोलायलाच नको. २०२५ साली तोळा लाखाच्या वर गेला. त्या लाखाच्या भावानेच एका तोळ्याला २७ क्विंटल ज्वारी घालावी लागत होती.

मग आकडा काढायचा कसा? मागच्या पाच वर्षांच्या आडतीच्या पट्ट्या काढा, दुधाच्या पट्ट्या काढा, शेळ्या विकल्या असतील ते लिहा. त्यांतले सर्वांत वाईट वर्ष निवडा. चांगले वर्ष धरायचे नाही, सरासरीही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये शासनाने जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले त्यांत बारामतीही होती आणि इंदापूरही. लगेच २०२५ च्या मे महिन्यात याच तालुक्यांत शेते वाहून जातील असा पाऊस झाला. असली वर्षे आता पाहुण्यासारखी येत नाहीत, घरच्यासारखी येतात. त्या वाईट वर्षात घर चालवून, पुढचे बी-खत धरून काय उरले असते? घरातली शिल्लक अधिक अशा दोन वाईट वर्षांची उरलेली रक्कम, एवढाच आपला आकडा. कित्येकांची दुसरी रक्कम शून्य येईल. शून्य आले तर शून्य लिहा, कागदाशी खोटे बोलू नका.

पीककर्जाला मात्र हात लावू नका. सोसायटीचे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर राज्यात व्याज पडत नाही. ते मांडवात घातले की मुदत हुकते, व्याज चढते आणि मृगाच्या तोंडावर नवे कर्ज मिळत नाही. मग जुनंनवं करण्यासाठी आठ दिवसांपुरते खासगीतून पैसे उचलायचे, आणि त्या आठ दिवसांच्या व्याजात एक बोकड जातो. काही ठिकाणी तर खासगीवाला कागदावर गहाण लिहीत नाही, सरळ खरेदीखत करून घेतो आणि 'पैसे आले की फिरवून देतो' म्हणतो. अशा कागदावर सही करू नका. केली असेल तर २०१४ च्या सावकारी नियंत्रण कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करता येतो, तो करा.

आता सर्वांत अवघड भाग. आकडा कधी सांगायचा? सुपारी फुटली, याद करायला दोन्हीकडची माणसे बसली, की तिथे आकडा ठरत नाही, तिथे फक्त मान ठरतो. शेजारचा मामा म्हणतो, पन्नास फेटे वाढवा. व्याही म्हणतो, आमचे काही मागणे नाही, फक्त लग्न 'चांगले' करून द्या. या 'चांगल्या' शब्दाने जितकी घरे बसवली तितकी रोकड हुंड्यानेही बसवली नसतील, आणि हुंडाबंदी कायदा तर १९६१ पासून आहे. म्हणून आकडा आधी घरात ठरला पाहिजे, आणि ठरवताना नवरी मुलगी आणि तिची आई त्या खोलीत पाहिजे. आम्ही एका घरात बसलो होतो. बाप चार लाखांवर अडला होता. मुलीने बियाण्याच्या पिशवीच्या मागे लिहून दाखवले. जेवण, दोन्हीकडचे कपडे, मंगळसूत्र, वाजंत्री, बाकी काही नाही. दीड लाखात आले. बाप म्हणाला, लोक काय म्हणतील. मुलगी म्हणाली, लोक जेवून जातील.

तिचे खरे होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. २०२० साली पन्नास माणसांत लग्ने लागली. २०२१ च्या एप्रिलात तर पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच परवानगी होती. ती जोडपी आज नांदत आहेत, कोणाचे नाक कापले गेले नाही. त्याही आधी, २५ डिसेंबर १८७३ ला, पुण्यात जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने भटजीशिवाय पहिले लग्न लावले. सुप्याचे रोखे त्यानंतर दीड वर्षाने जळाले.

आणि मुलीच्या बापाने हात जोडून उभे राहण्याचे दिवस उरले आहेत का, याचाही विचार करा. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्न न जमणारे तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही. हे दुःख आहे, हसण्यासारखे नाही. पण त्यात एक गोष्ट अशी की आज मुलीकडचा आकडा ऐकून घेण्यावाचून मुलाकडच्यांना इलाज नाही. २०२५ साली पुणे जिल्ह्यातल्या एका सुनेच्या मृत्यूनंतर मराठा समाजाच्या बैठका झाल्या, लग्नाची आचारसंहिता झाली, मोजकी माणसे बोलवा असे ठरले. चांगले झाले. पण ठराव करणारी पुढारी मंडळीच पुढच्या तिथीला दीड तास उशिरा येतात, नवरा-नवरी तिष्ठत उभी राहतात, आशीर्वादाची भाषणे होतात. माइक बंद ठेवायला काही खर्च येत नाही, एवढे तरी करून पाहा.

ज्यांच्या घरी या वर्षी कार्य आहे त्यांनी याद करण्यापूर्वी, सुपारी फुटण्यापूर्वी, पट्ट्या घेऊन आमच्याकडे या. घरातल्या बाईला आणि मुलीला बरोबर आणा. एकटे आलात तर चहा देऊ, हिशेब करणार नाही.

आता ज्वारीच्या खरेदी केंद्राचा ठराव वाचायला घेऊ.