पाहणाऱ्यांचीही जबाबदारी



कंधार, मुखेड, देगलूरची मुले शिकण्यासाठी नांदेडला येतात. औसा, उदगीर, निलंग्याची लातूरला जातात. पालक पोटाला चिमटा घेऊन शिकवणीची फी आणि खोलीचे भाडे भरतात. अभ्यास किती झाला हे आपण रोज विचारतो. तुला तिथे कोणी छळत तर नाही ना, हे मात्र क्वचितच विचारतो.

पूर्वीची टिंगल शाळेच्या फाटकापाशी संपत असे. आता ती मोबाईलमधून मुलाच्या अंथरुणापर्यंत पोहोचते. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाचे अडखळते मराठी रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकले जाते. कोणाच्या वडिलांचा धंदा, कोणाचा रंग, कोणाचे गुण चेष्टेचा विषय होतात. टाकणारा एक असतो, हसणारे तीस. आणि हे परकेच करतात असे समजू नका. आपली मुलेही आपसांत हेच करतात.

याचा शेवट कुठवर जाऊ शकतो? जळगावची डॉ. पायल तडवी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत असताना २०१९ मध्ये आपल्यातून गेली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी छळ केल्याचा आरोप होऊन खटला दाखल झाला. एका गरीब समाजाने मोठ्या कष्टाने घडवलेली डॉक्टर आपण गमावली.

कायदा आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंग हा गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार विद्यार्थी व पालक दोघेही हमीपत्र देतात. त्यावर सही करण्यापूर्वी ते वाचणारे किती?

पण कायदा तक्रारीनंतर येतो. तत्पूर्वीचे काम सोबत्यांचे आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात २०१२-१३ साली ५६ शाळांत एक प्रयोग झाला. त्यांपैकी निम्म्या शाळांत थोड्याशा विद्यार्थ्यांना निवडून, छळाविरुद्ध त्यांच्याच शब्दांत बोलायला सांगितले. त्यांनी भित्तिपत्रके लावली, समाजमाध्यमांवर घोषवाक्ये पसरवली. त्या शाळांतील भांडणतंट्याच्या नोंदी सुमारे २५ टक्क्यांनी घटल्या. ज्यांच्याकडे इतर मुलांचे लक्ष असते, अशी मुले जिथे अधिक निवडली गेली, तिथे परिणामही अधिक झाला. शिक्षकाच्या उपदेशापेक्षा वर्गातल्या चार मुलांचा शब्द मोठा ठरला.

अशी चार मुले प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. विद्यार्थी मित्रहो, कदाचित ती तुम्हीच आहात. चेष्टेचा व्हिडिओ आला तर हसण्याचे चिन्ह टाकू नका, पुढे पाठवू नका. "हे काढून टाक," एवढेच लिहा. ज्याची टिंगल झाली त्याला वेगळा निरोप पाठवा, दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी बसा. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट ठेवा आणि विश्वासातल्या शिक्षकास दाखवा. १८ वर्षांखालील मुलांसाठी १०९८ आणि रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हे क्रमांक विनामूल्य आहेत.

पालकांना एक विनंती. मूल काही सांगू लागले की आपला पहिला शब्द असतो, "मोबाईल इकडे आण." मुलीला तर त्याहून मोठी भीती असते: सांगितले तर शिक्षणच बंद होईल. म्हणून ती गप्प राहते, आणि छळणाऱ्याला हेच हवे असते. आधी ऐकून घ्या. चूक छळणाऱ्याची आहे. शिक्षा आपल्या लेकरास देऊ नका.

पुढच्या वर्षी आपण गुणवंतांचा सत्कार करू, तेव्हा कमी गुण मिळालेले मूलही याच मंडपात मान वर करून बसलेले असावे. ते काम सभागृहातील प्रत्येकाचे आहे.