तापलेलं मूल आणि एक मिनिट

टांझानियातल्या दार-एस-सलाम शहरात आणि इफाकारा या ग्रामीण भागात २००८ साली एप्रिल ते डिसेंबर या काळात तापानं फणफणलेली १००५ मुलं तपासली गेली. वय दोन महिने ते दहा वर्षं, ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त. सगळी बाह्यरुग्ण विभागात आलेली, म्हणजे आईच्या कडेवर बसून यायचं आणि बहुतेकांनी तसंच घरी जायचं. अशा मुलांच्या एवढ्या तपासण्या सहसा कोणी करत नाही. गरीब देशांतल्या तापाचं बरंचसं संशोधन रुग्णालयात दाखल झालेल्या, अत्यवस्थ मुलांवरच झालेलं आहे. इथे मात्र डॉ. व्हॅलेरी दाक्रेमाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचं रक्त तपासलं, नाका-घशातला स्राव तपासला, लक्षणं पाहून लघवीची तपासणी केली, छातीचे एक्स-रे काढले. २०१४ साली त्याचे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले.

आफ्रिकेत मुलाला ताप आला की तो मलेरियाच, असं धरून चालण्याची तोवरची रीत. या मुलांमध्ये मलेरिया निघाला १०.५ टक्क्यांना. ७०.५ टक्के मुलांना विषाणूंमुळे होणारे आजार होते. ६२ टक्क्यांना श्वसनमार्गाचा संसर्ग होता, पण त्यांपैकी जेमतेम ५ टक्क्यांच्या एक्स-रेत न्यूमोनिया दिसला. लघवीचा संसर्ग सुमारे ६ टक्के, टायफॉइड ३.७ टक्के. जिवाणूंमुळे होणारे सगळे आजार मिळून २२ टक्के. थोडक्यात, ताप घेऊन आलेली बहुतेक मुलं मलेरियाच्या गोळीशिवाय आणि प्रतिजैविकांशिवाय बरी होणारी होती. पण त्याच रांगेत काही मुलं अशी होती की ज्यांना औषध मिळालं नसतं तर ती दगावली असती. दोन्ही मुलांचं अंग सारखंच तापलेलं. ती वेगळी कशी ओळखायची, हा आजचा विषय.

‘ताप म्हणजे मलेरिया’ हा नियम बनवणारे लोक अडाणी नव्हते, हे आधी सांगायला हवं. मलेरियाचा जंतू पाहायचा तर सूक्ष्मदर्शक लागतो, रंगद्रव्य लागतं, वीज लागते आणि सगळ्यात मुख्य म्हणजे काच वाचणारा कुशल माणूस लागतो. हे खेड्यातल्या दवाखान्यात नसायचं. पाच वर्षांखालचं मूल मलेरियानं एका रात्रीत हाताबाहेर जाऊ शकतं. क्लोरोक्विन स्वस्त होतं. मग द्या सगळ्यांना, हा हिशेब त्या काळी बरोबरच होता. पुढे क्लोरोक्विनला दाद न देणारा मलेरिया पसरला, नवी औषधं महाग आली आणि त्याच सुमारास बोटातल्या रक्ताच्या थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देणारी तपासणीची पट्टी हातात आली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली सांगितलं की मलेरियाच्या संशयितांची आधी तपासणी करा, मग औषध द्या.

पट्टीवर मलेरिया नाही असं दिसलं तर गोळी न देता मूल घरी पाठवायचं का, ही भीती होतीच. दाक्रेमाँ यांच्याच गटानं टांझानियात १००० तापलेल्या मुलांवर ते करून पाहिलं. ६०३ मुलांची तपासणी नकारार्थी आली, त्यांना मलेरियाचं औषध दिलं नाही, आणि मलेरिया हुकल्यामुळे त्यांच्यापैकी कोणाचीही प्रकृती बिघडली नाही.

इथवर सगळं छान वाटतं. खरा पेच पुढे आहे. वेगवेगळ्या देशांतल्या पाच लाखांहून अधिक रुग्णांची नोंद एकत्र करून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पट्टीवर मलेरिया दिसलेल्यांपैकी ४० टक्क्यांना प्रतिजैविक दिलं गेलं होतं. मलेरिया न दिसलेल्यांपैकी ६९ टक्क्यांना. एक गोळी बंद झाली आणि तिची जागा दुसरीनं घेतली. यात आरोग्यसेवकाला दोष देणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. समोर आई बसलेली असते, ती सकाळपासून चालत आलेली असते, मूल कण्हत असतं. पट्टी एवढंच सांगते की हा मलेरिया नाही. मग काय आहे, याबद्दल ती गप्प. अशा वेळी रिकाम्या हातानं कोणाला परत पाठवायचं धैर्य कोण करील? आठ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांची आकडेवारी २०२० साली तपासली गेली, तेव्हा तिथल्या मुलाला पाचव्या वाढदिवसापर्यंत सरासरी २५ वेळा प्रतिजैविकं लिहून दिली जातात असं दिसलं. एवढ्या माऱ्यानंतर औषधांना दाद न देणारे जंतू तयार झाले तर नवल कसलं!

या पेचाचं सर्वांत प्रामाणिक उत्तर शोधण्याचं काम आपल्याकडे, गडचिरोलीत झालं, आणि तेही तंत्रज्ञानाच्या जोरावर नव्हे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था तिथे उभी केली. जिल्ह्यात मुलं न्यूमोनियानं मरत होती आणि गावात ना डॉक्टर होता, ना स्टेथोस्कोप. त्याआधी पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन या बालरोगतज्ज्ञानं दाखवून दिलं होतं की खोकणाऱ्या मुलाचा न्यूमोनिया ओळखायला नळी कानाला लावायचीच गरज नाही. श्वास मोजले तरी पुष्कळ कळतं. बंग दांपत्यानं १९८८ मध्ये ५८ गावांत हे ज्ञान गावच्या आरोग्यसेवकांच्या आणि दाईंच्या हाती दिलं, सोबत को-ट्रायमोक्झॅझोल हे औषध दिलं. शेजारची ४४ गावं तुलनेसाठी होती. तिथे ज्या मुलांना न्यूमोनिया झाला त्यांतली १३.५ टक्के दगावली. प्रकल्पाच्या सेवकांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांमध्ये हे प्रमाण ०.८ टक्के होतं. वर्षभरानंतर पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियानं होणारे मृत्यू तुलनेच्या गावांत दर हजारी १७.५, तर प्रकल्पाच्या गावांत ८.१, म्हणजे निम्म्याहून कमी दिसले. १९९० साली ‘लॅन्सेट’नं हे छापलं.

यातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. दाया शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांना दहा-बारापर्यंतच मोजता येई. पन्नास श्वास कसे मोजायचे? त्यासाठी ‘सर्च’नं एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ असलेलं साधं उपकरण बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया. दोन महिन्यांखालच्या बाळांसाठी ओळ वेगळी, त्याहून मोठ्या मुलांसाठी वेगळी. बाईला गणित शिकवायचं सोडून गणितच तिच्या बोटांत आणून ठेवलं. गरीब दवाखान्यासाठी उपकरण कसं बनवावं, याचा इतका चांगला नमुना क्वचित सापडेल.

आज जगभर वापरले जाणारे आकडे असे आहेत: दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०. मूल शांत हवं, अंगावर पीत नसावं, झबलं वर केलेलं असावं आणि पूर्ण मिनिट मोजायला हवं. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलं की चूकही चौपट होते. दाराबाहेर रांग लागलेली असताना ते एक मिनिट फार महाग वाटतं, आणि म्हणूनच ते सर्वांत आधी गळतं.

श्वास मोजण्यालाही मर्यादा आहेत. तापानंच श्वास वाढतो. बाळदमा असला तरी वाढतो. म्हणून बोटाला लावून रक्तातला प्राणवायू दाखवणारं पल्स ऑक्सिमीटर या मोजणीचा जोडीदार आहे. कोविडमुळे ते आपल्या घराघरांत पोहोचलं. पापुआ न्यू गिनीतल्या पाच रुग्णालयांत हे यंत्र आणि हवेतून प्राणवायू वेगळा करणारी कॉन्सन्ट्रेटर यंत्रं दिल्यावर न्यूमोनियाच्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण ४.९७ टक्क्यांवरून ३.२२ टक्क्यांवर आलं. नवं औषध एकही नव्हतं. फक्त कोणाला प्राणवायू हवा हे कळलं आणि तो हाताशी होता. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवायला हव्यात. मोठ्यांचा चिमटा तान्ह्याच्या बोटावर बसत नाही, त्याला लहान मुलांचाच लागतो. आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी प्राणवायू प्रत्यक्षाहून जास्त दाखवतं. आकडा बरा दिसला तरी मूल वाईट दिसत असेल, तर मुलावर विश्वास ठेवावा.

हे सगळे धागे एकत्र विणण्याचा प्रयत्न पुन्हा दार-एस-सलाममध्येच झाला. आरोग्यसेवकाच्या हातात एक टॅब्लेट दिला. तो क्रमानं प्रश्न विचारतो: मूल पितं का, सगळं उलटून टाकतं का, झटके आले का, श्वास किती, प्राणवायू किती. गरजेप्रमाणे मलेरियाची पट्टी, हिमोग्लोबिन आणि शरीरातला दाह दाखवणाऱ्या सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनची थेंबभर रक्तावरची तपासणी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत तीन हजारांहून अधिक मुलं होती. नेहमीच्या पद्धतीत ९४.९ टक्के मुलांना प्रतिजैविक मिळत होतं. यांतल्या जादा तपासण्या नसलेल्या जुन्या संगणकीय पद्धतीत २९.७ टक्क्यांना, या नव्या पद्धतीत ११.५ टक्क्यांना. आणि सातव्या दिवशी बरी न झालेली मुलं नव्या पद्धतीत २.३ टक्के, जुन्या संगणकीय पद्धतीत ४.१ टक्के. औषध कमी झालं आणि मुलंही अधिक बरी झाली. पुढे टांझानियातल्याच ४० आरोग्य केंद्रांपैकी निम्म्या केंद्रांत, रोजच्या गर्दीत, सुधारित पद्धत वापरली तेव्हा प्रतिजैविकांचं प्रमाण २३.२ टक्के राहिलं. इतर केंद्रांत ते ७०.१ टक्के होतं. संशोधकांच्या देखरेखीखालचे ११ आणि प्रत्यक्षातले २३ यांतलं अंतर हे बहुधा माणसांच्या थकव्याचं, घाईचं आणि आईच्या आग्रहाचं अंतर आहे. तरीही ७० वरून २३ ही लहान गोष्ट नव्हे.

उपचारांतही गृहीत धरलेल्या गोष्टी तपासाव्या लागतात. तापानं गळून गेलेल्या, हातपाय गार पडलेल्या मुलाला शिरेतून भराभर द्रव द्यायचा, ही श्रीमंत देशांतल्या अतिदक्षता विभागांतली रीत. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या सहा रुग्णालयांत ३१४१ मुलांवर तिची चाचणी झाली आणि २०११ साली निकाल आला: भराभर द्रव दिलेल्यांपैकी साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुलं ४८ तासांत दगावली, न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. जुलाबानं सुकलेल्या मुलांना या चाचणीतून वगळलं होतं, त्यांना द्रव हवाच. पण आपल्या गावोगावी तापासाठी ‘एक सलाईन लावा’ असा आग्रह धरणाऱ्यांनी हा निकाल जरूर ऐकावा.

आपल्याकडचा दुसरा आग्रह ‘टायफॉइडची टेस्ट’ करण्याचा. एकदाच केलेल्या विडाल तपासणीवरून टायफॉइड ठरवणं अत्यंत बेभरवशाचं आहे. पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गामुळे किंवा भलत्याच आजारामुळेही ती होकारार्थी येते. त्याच वेळी खरा शत्रू नजरेआड राहतो. गोरखपूर भागात वर्षानुवर्षं मुलं तापानं आणि मेंदूच्या सुजेनं दगावत होती; अलीकडच्या तपासात त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांत स्क्रब टायफस आढळला. बारीक किड्याच्या चाव्यानं होणारा हा आजार डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन वेळेत दिलं तर आटोक्यात येतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भातही त्याची साथ आली. काखेत, जांघेत, कानामागे विडीच्या चटक्यासारखा काळा डाग दिसतो का, हे पाहायला यंत्र लागत नाही. मुलाचे सगळे कपडे काढून पाहावं लागतं.

आणि २०२५ चा सप्टेंबर-ऑक्टोबर विसरता येणार नाही. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात सर्दी-तापाच्या लहान मुलांना खोकल्याचं औषध दिलं गेलं. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. वीसहून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. चार वर्षांखालच्या मुलांना सर्दीची अशी मिश्र औषधं देऊ नयेत, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच बजावलं होतं. विष मिसळणं हा गुन्हा आहेच. पण चार दिवसांत आपोआप बरा होणारा ताप आणि बाटली यांची गाठ आपण इतकी घट्ट बांधली नसती, तर ते विष इतक्या घरांत शिरलं नसतं.

म्हणून श्रोतेहो, एक विनंती. मूल पीत असेल, खेळत असेल, श्वास सहज घेत असेल, तर डॉक्टरांकडे इंजेक्शनचा किंवा बाटलीचा हट्ट धरू नका. वजनाप्रमाणे पॅरासिटॅमॉल आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासणी पुरे असते. ते पीत नसेल, सगळं उलटत असेल, झटके आले असतील, सुस्त पडलं असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा तान्ह्याला ताप असेल, तर एक तासही थांबू नका. आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन, रुग्ण कल्याण समितीत आणि ग्रामसभेत उभं राहून विचारा: लहान मुलांचा चिमटा असलेलं ऑक्सिमीटर आहे का, वजनकाटा चालू आहे का, मलेरियाच्या पट्ट्यांची मुदत संपलेली तर नाही ना, न्यूमोनियासाठी पाण्यात विरघळणाऱ्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या शिल्लक आहेत का, १०८ ची गाडी किती वेळात येते, आणि श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला पुरेशी माणसं नेमलेली आहेत का.