गाडी आपली, परमिटही आपल्याच नावाचे

(पाबळ, ता. शिरूर येथील शेतकरी बैठकीतील भाषण)



या पाबळच्या पश्चिमेला, चाकणच्या पलीकडे भामनेरचे खोरे आहे. जानेवारी १९८० मध्ये तिथले शेतकरी शरद जोशींबरोबर वांद्र्यापासून चाकणपर्यंत पायी चालत आले. मागणी रस्त्याची होती. रस्ता नाही तर बाजार नाही आणि बाजार नाही तर भाव नाही, एवढे साधे गणित. आज रस्ते झाले. पण त्यावरून धावणारी गाडी कोणाची? माल आपला, गाडी हुंडेकऱ्याची, आणि भाडे तो सांगेल ते.

म्हणून आम्ही चौघांनी मिळून जुना ट्रक घेतला. आरसी बुक नावावर करून घेतले आणि वाटले, झाले काम. परमिट जुन्या मालकाच्याच नावावर राहिले. मध्यस्थ म्हणाला, 'चालते हो, सगळ्यांचे असेच असते.' पहिल्याच हंगामात ज्वारी भरलेली गाडी घाटात उलटली. माणसे वाचली. विमा कंपनीने परमिट मागितले, कागद पाहिला आणि दावा नाकारला. गाडी गेली, हप्ते राहिले. चौघांपैकी एकाला त्यापायी रान विकावे लागले.

चूक आमची होती. ती तुम्ही करू नका, म्हणून सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहू गाडीला परमिट लागते. ते पाच वर्षे चालते आणि अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नाही. राज्याबाहेर जायचे तर नॅशनल परमिट काढावे लागते. मालासकट एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या लहान गाडीला परमिटची गरज नाही. तिथून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. मालवाहतुकीच्या परमिटचा अर्ज सहसा नाकारू नये, असे कायदाच म्हणतो. तेव्हा हात जोडायचे कारण नाही, कागद पुरे करायचे.

आता हिशेब. नऊ टन माल बसणाऱ्या गाडीत ज्वारीची क्विंटलची नव्वद पोती झाली की वजन पुरे होते, जागा उरली तरी. सुट्या कापसाचे उलटे. कितीही तुडवा, वजन पुरे होण्याआधी गाडी डोक्यापर्यंत भरते. म्हणून कापसाला भाडे क्विंटलवर न धरता खेपेवर धरा आणि जवळचे जिनिंग गाठा. ज्वारीत दहा पोती जास्त टाकायचा मोह आवरा. २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनाला कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये.

कापूस दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, रब्बी ज्वारी फाल्गुनात निघते. पावसाळ्यात गाडी उभी राहते. हप्ता, विमा, टॅक्स मात्र उभे राहत नाहीत. रिकाम्या परतीचे डिझेलही आपल्याच खिशातून जाते. जाताना शेतमाल आणि येताना खत, सिमेंट, पेंड, अशी दोन्ही बाजूंची भाडी बांधता येत असतील तरच गाडी घ्या. टायर आणि दुरुस्तीचे पैसे दर खेपेला बाजूला काढा. डिझेल वजा जाता उरले तो नफा, असे समजणारा तिसऱ्या वर्षी गाडी विकतो.

१९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी चालू होती, तेव्हा आपलाच कापूस राज्याच्या सीमेपलीकडे नेणे गुन्हा होता. ती बंदी गेली. जीएसटी आल्यावर २०१७ साली मुंबईची जकातही गेली. नाकी उठली, पण चाक अजून दुसऱ्याच्या हातात आहे.

आमची विनंती एवढीच. घरी गेल्यावर गावात कोणाकोणाकडे गाड्या आहेत ते पाहा, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: परमिट कोणाच्या नावावर आहे? उत्तर देताना जो अडखळेल, त्याला उद्याच आरटीओत घेऊन जा.