पाणी काय काय विरघळवितें?

पाण्याला रंग नाहीं, वास नाहीं व चवही नाहीं, असें शाळेच्या पुस्तकांत लिहिलेलें असतें. परंतु सुटींत आजोळीं गेलेला मुलगा विहिरीच्या पाण्याचा घोट घेतांच म्हणतो, “हें पाणी घरच्यासारखें लागत नाहीं!” पुस्तक खरें कीं मुलगा खरा? दोघांचेंही म्हणणें खरें आहे. पुस्तकांतील पाणी एकटें असतें. विहिरींतील पाणी एकटें नसतें. वाटेंत जें जें भेटेल, त्यांतील कांहीं ना कांहीं पोटांत घेऊन तें आलेलें असतें. पाण्याच्या या गुणाचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

पाणी हें मूलतत्त्व आहे, अशी समजूत फार प्राचीन काळापासून होती. इंग्लंडांत हेन्री कॅव्हेंडिश यानें हायड्रोजन वायु जाळला असतां पाणी तयार होतें असें पाहिलें. आणि १७८३ सालीं लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें पाणी हें संयुग आहे असें प्रतिपादन केलें. पाण्याच्या प्रत्येक रेणूंत हायड्रोजनचे दोन अणु व प्राणवायूचा एक अणु असतो. हे तीन अणु एका सरळ रेषेंत नसतात; मध्यें प्राणवायु व त्याच्या एकाच अंगास झुकलेले हायड्रोजनचे दोन अणु, अशी त्यांची ठेवण असते. यामुळें प्राणवायूच्या टोंकास थोडा ऋण व हायड्रोजनच्या टोंकांस थोडा धन विद्युत्‌भार येतो. पाण्याच्या विरघळविण्याच्या सामर्थ्याचें रहस्य येथेंच आहे.

मिठाचा खडा सोडियम व क्लोरीन यांच्या विद्युत्‌भारित कणांचा बनलेला असतो. तो पाण्यांत पडला कीं पाण्याचे रेणु त्याला चोहोंकडून घेरतात, ऋण टोंकें सोडियमकडे व धन टोंकें क्लोरीनकडे वळवितात आणि एकेक कण ओढून नेतात. खडा दिसेनासा होतो; पण मीठ नाहींसें होत नाहीं. तें पाणी बशींत घालून उन्हांत आटविलें, तर बशीच्या तळाशीं मीठ पुन्हां सांपडतें. हा प्रयोग कोणत्याही मुलानें घरीं करून पाहावा.

या एका गुणावर सृष्टीचा संसार चालला आहे. जमिनींतील क्षार पाण्यांत विरघळले, तरच झाडाचीं मुळें ते शोषूं शकतात. मासा पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. माणसाच्या रक्तांतील साखर व क्षार वाहून नेणारेंही पाणीच. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कर्बवायु घेऊन किंचित् आम्ल होतें आणि खडकांतून झिरपतांना कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार उचलतें. असें पाणी दुष्फेन होतें. त्यांत साबणाचा फेंस न होतां पांढरा साका धरतो व डाळ शिजावयास वेळ लागतो. तें तापविलें कीं क्षारांचा कांहीं भाग बंबाच्या आंतल्या अंगास पांढऱ्या थराच्या रूपानें चिकटतो. गृहिणीला यानें त्रास होतो, परंतु प्रकृतीला सहसा अपाय होत नाहीं.

मात्र इष्ट कोणतें व अनिष्ट कोणतें, हें पाणी पाहत नाहीं. अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत फ्लिंट नांवाचें शहर आहे. तेथें अनेक घरांकडे जाणाऱ्या नळ्या शिशाच्या होत्या. पूर्वीच्या पाण्यांत फॉस्फेट मिसळलेलें असे. त्यामुळें नळ्यांच्या आंत एक संरक्षक थर बसलेला होता. एप्रिल २०१४ मध्यें खर्च वांचविण्यासाठीं शहराला फ्लिंट नदीचें पाणी देण्यांत आलें. तें धातूंना अधिक झिजविणारें असूनही त्यांत फॉस्फेट मिसळण्यांत आलें नाहीं. थर सुटूं लागला आणि शिसें पाण्यांत उतरूं लागलें. विरघळलेल्या शिशाला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. पण तें लहान मुलांच्या मेंदूस घातक असतें. २०१५ सालीं तेथील डॉक्टरांना मुलांच्या रक्तांत शिशाचें प्रमाण वाढलेलें आढळलें, आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत जुना पाणीपुरवठा पुन्हां सुरू करावा लागला. नळ्या बदलण्याचें काम त्यानंतर कित्येक वर्षें चाललें.

पाणी उकळलें म्हणजे सर्व भय संपलें, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. उकळल्यानें पटकी व विषमज्वर यांचे जंतू मरतात, हें खरें. तेवढ्यासाठीं तें अवश्य उकळावें. परंतु शिसें उकळून जात नाहीं. उलट पाणी आटतें व उरलेल्या पाण्यांत शिशाचें प्रमाण वाढतें, जसें बशींतील मीठ वाढत गेलें तसेंच. असा दोष डोळ्यांना किंवा जिभेला कळत नाहीं; तो प्रयोगशाळेंतील परीक्षेनेंच कळतो. निर्मळ दिसणारा पेला हातीं घेतांना, हें पाणी कोणत्या खडकांतून व कोणत्या नळांतून आलें, एवढा प्रश्न घरांतील मुलांनीं विचारला आणि वडील मंडळींनीं त्याचा शोध घेतला, तर पुस्तकांतील तो पाठ खऱ्या अर्थानें शिकून झाला असें म्हणावें.