नागरिक कोणाला म्हणावे?

(संविधान दिनाच्या कार्यक्रमात वाकोला येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कायद्याचा अभ्यासक नाही. बँकेत कारकून आहे. बी. ए. ला राज्यशास्त्र होते, एवढीच माझी शिदोरी. घटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली गेली आणि २६ जानेवारी १९५० ला अमलात आली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण काही कलमे त्या २६ नोव्हेंबरलाच लागू झाली आणि त्यांत पाच ते नऊ ही नागरिकत्वाची कलमे होती. म्हणून आज मी त्यांच्यावरच बोलणार आहे. बाहेरून आलेल्यांपैकी आसरा कोणाला द्यायचा आणि घालवायचे कोणाला, हा वाद सध्या लोकलच्या डब्यापासून चहाच्या टपरीपर्यंत चालतो. तो घटना समितीत एकदा होऊन गेलेला आहे.

१० ऑगस्ट १९४९ रोजी बाबासाहेबांनी ही कलमे मांडली. एक कलम सोडले तर मसुदा समितीला एवढी डोकेदुखी दुसऱ्या कशाने झाली नाही, असे ते तेव्हा म्हणाले. फाळणीमुळे लाखो माणसे इकडची तिकडे झालेली. १९ जुलै १९४८ ही तारीख धरली गेली. त्याआधी पाकिस्तानातून येऊन इथे राहिलेला, ज्याचे आईबाप किंवा आजोबा-आजी अखंड हिंदुस्थानात जन्मले, तो नागरिक. नंतर आलेल्याने सहा महिने राहून नाव नोंदवायचे. पाकिस्तानात जाऊन कायम राहण्याचा परवाना घेऊन परतलेल्यालाही हा मार्ग मोकळा ठेवला. परतणारे बहुतेक मुसलमान, म्हणून सभागृहात फार कडवट बोलले गेले. तरी कलमांत कोणत्याही धर्माचे नाव आले नाही.

त्याच चर्चेत आपल्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख उभे राहिले. अंबादेवी मंदिराच्या सत्याग्रहात पुढे असलेला हा माणूस, त्यांना कोणी आपला शत्रू म्हणू नये. त्यांचे म्हणणे असे, की नागरिकत्व फार स्वस्त केले जात आहे. मुंबईला विमान दोन-चार तास थांबले आणि प्रवासी बाई बाळंत झाली, तर तेवढ्यावर ते मूल भारतीय होणार का, असा त्यांचा सवाल होता. (विमानतळाला खेटून राहणाऱ्या आपल्या वाकोल्यात याचे हसू यावे! कलमात अधिवासाची अट होतीच, तेव्हा ते मूल काही नागरिक झाले नसते.) त्यांची सूचना होती, की दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेला कोणताही हिंदू किंवा शीख, कुठेही राहत असला तरी, भारताच्या नागरिकत्वाला पात्र ठरावा. ती मान्य झाली नाही.

त्या सूचनेत बौद्धांचे नाव नव्हते. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात आहे. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना तो सवलत देतो. मागे विहारात हा विषय निघाला तेव्हा आमचे एक ज्येष्ठ बंधू म्हणाले, "आपले नाव यादीत आहे ना? मग आपल्याला काय त्याचे?" मी तेव्हा गप्प बसलो. ते उत्तर आज देतो.

दादा, गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ते तर जन्माचे बौद्ध. पण कायद्याच्या यादीत तिबेट नाही, म्यानमार नाही, श्रीलंकाही नाही. धर्माचे नाव घातले तरी सगळ्या बौद्धांना आसरा मिळत नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कोणाला ठेवायचे हे त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर राहते.

देशाला सीमा असावी, हे मला मान्य आहे. चोरून आलेल्याची चौकशी व्हावी, हेही मान्य. पण आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने त्या माणसावरच टाकला आहे, आणि माझी भीती तिथे आहे. नुसते आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असले म्हणून कोणी नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले. मग राहतो जन्माचा दाखला. माझी आई जालन्याकडच्या एका खेड्यात घरीच जन्मली. तिची जन्मनोंद कोण करणार होते?

१९७२ च्या दुष्काळात वडील मुंबईला आले. १९७६ च्या झोपडी गणनेचा फोटोपास आई पत्र्याच्या पेटीत धुतल्या लुगड्याखाली ठेवी. एकदा पावसात पेटीत पाणी शिरले. फोटोतला वडिलांचा चेहरा अर्धा पुसला, तेव्हा ती जेवली नाही. पुढे एका कचेरीत साहेबाने तो पास उलटासुलटा करून, "हा माणूस तूच कशावरून?" असे वडिलांना विचारले. स्वतःच्याच राज्यात!

जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना मूळ गावी धाडण्याचा हुकूम काढला. सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत संगमनेरहून आलेला चपला शिवणारा एक माणूसही होता. संगमनेरचा माणूस मुंबईत उपरा! १९८५ च्या निकालात सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. नोटीस देऊन झोपड्या हटवायला मात्र मुभा राहिली.

आता मुद्द्याचे. रविवारी वंदनेनंतर आपण कागदपत्रांच्या मदतीसाठी टेबल मांडतो. मागच्या महिन्यात शिलाई कारखान्यातली दोन मुले आली. बंगाली बोलणारी, मुर्शिदाबादची. त्यांना वडिलांच्या नावातली चूक दुरुस्त करून हवी होती. आपल्या कार्यकर्त्याने त्यांना परत पाठवले. समितीत यावर दोन मते आहेत, हे मी लपवत नाही. आपण पोलीस नाही आणि न्यायालयही नाही. अर्ज भरून देणे एवढेच आपले काम. ती मुले बांगलादेशी निघाली तर ते तपासणारे तपासतील, पण भारतीय असतील तर आपण त्यांना त्या साहेबासारखे वागवले. येत्या रविवारी त्या टेबलावर मी बसणार आहे, आणि त्या दोघांना मी निरोप धाडला आहे. ज्यांना हे पसंत नाही त्यांनीही यावे आणि समोरासमोर बोलावे. अर्जाचे कोरे नमुने मी घेऊन येतो, पेन तेवढे आपापले आणा. जयभीम.